त्या गाण्याचं लेबल अर्धंच छापलं गेलं

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतला रिमिक्सवरचा लेख मी दोनदा वाचला. लेखकाची तळमळ खरी आहे. जुन्या गाण्यांची जी मोडतोड चालते तिच्याबद्दल त्यांनी लिहिलेलं बरंचसं मला मान्य आहे. पण तिसऱ्या रकान्यात एक वाक्य आलं आणि मी तिथेच थांबलो. १९९८ मध्ये फॅटबॉय स्लिम या डीजेने आशा भोसले यांच्या गाण्याचं रिमिक्स करून इंग्लंडमध्ये पहिला क्रमांक पटकावला, असं ते वाक्य.

आशाताई आमच्या सांगलीच्या. १९३३ चा त्यांचा जन्म इथला. त्यांच्या नावाचं गाणं परदेशात पहिलं आलं याचा आनंद आम्हाला कुणापेक्षाही जास्त आहे. पण ते गाणं आशाताईंचं नव्हे, आशाताईंवरचं आहे. त्यात त्यांचा आवाज कुठेही नाही. आणि ते ज्याने लिहिलं, ज्याने चाल लावली, जो गायला, त्या माणसाचं नाव आपल्या अख्ख्या लेखात एकदाही आलेलं नाही. त्याचं नाव तजिंदर सिंग. त्याच्या बँडचं नाव कॉर्नरशॉप. गाण्याचं नाव ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, म्हणजे आशेने काठोकाठ भरलेलं. त्यातली आशा म्हणजे आपली आशा भोसले आणि मनातली आशाही.

हे मी कुठून तरी वाचून लिहीत नाही. गाणं गाजलं तेव्हा मी इंग्लंडात लेस्टरला होतो. वायटूकेच्या, म्हणजे सन २००० उजाडताना कॉम्प्युटर गोंधळू नयेत म्हणून करायच्या कामासाठी आमच्या कंपनीने आम्हा चार पोरांना तिथे धाडलं होतं. दिवसभर जुन्या कोबोल प्रोग्रॅममधले दोन आकडी साल शोधून चार आकडी करायचे आणि संध्याकाळी भाड्याच्या घरात येऊन आळीपाळीने स्वयंपाक करायचा. जानेवारीचा शेवट असेल. पाच वाजताच अंधार पडायचा. त्या दिवशी पोळ्यांची पाळी माझी होती. खिडकीत ठेवलेला रेडिओ आपला चालू होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आणि त्या इंग्रजी गाण्याच्या मधोमध एक माणूस एकेक नाव घेऊ लागला. मोहम्मद रफी. लता मंगेशकर. माझे हात कणकेत तसेच राहिले. आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी काही बोलेना, कारण बोललं तर पुढचं नाव ऐकू येणार नाही अशी भीती.

परदेशात राहिलेल्यांना हे कळेल. तिथे आपलं नाव रोज कुणीतरी चुकीचं उच्चारतो आणि आपण ते सोडून देतो. त्यात तिथल्या रेडिओवर, कुठल्या सणाचा कार्यक्रम नाही, काही नाही, भर संध्याकाळी गोऱ्या पोरांच्या गाण्यांमध्ये लताबाईंचं नाव येतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला गेलो. लेस्टरमधली अशी बरीच दुकानं गुजराती लोकांची. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्यावर आलेली ही माणसं. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. तरी ती आली आणि त्यांनी शहर उभं केलं. आमचे दुकानदार काका गल्ल्यावर बसून तेच गाणं ऐकत होते. मी विचारलं, ऐकलं का? तर म्हणाले, आपली आशाबेन छे ने! त्यांनाही वाटलं होतं की एखाद्या हिंदी सिनेमातलंच गाणं आहे. मी सांगितलं, नाही काका, बँडचं नाव कॉर्नरशॉप आहे. त्यांनी दुकानाच्या छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपल्या धंद्याचं नाव कुणी बँडला देतं हे त्यांना खरंच वाटेना.

इंग्लंडात एशियन माणूस म्हटला की कोपऱ्यावरचा वाणी, हे तिथलं ठरलेलं चित्र. तेच चित्र त्यांनी बँडचं नाव करून परत तोंडावर मारलं. १९९१ मध्ये याच लेस्टरमध्ये बँड उभा राहिला. तजिंदर सिंग वुल्व्हरहॅम्प्टनचा, पंजाबी घरातला. सोबत त्याचा भाऊ अवतार, शिवाय बेन एअर्स आणि ड्रमवर डेव्हिड चेंबर्स. गिटार, ड्रम आणि मधेच सतार-ढोलकी असलं त्यांचं रॉक. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला न जाणाऱ्या, स्वतःच्या मर्जीने वाजवणाऱ्या बँडांना तिथे ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणतात, तसला हा बँड. पहिली रेकॉर्ड १९९३ ची, विजा नावाच्या छोट्या कंपनीची.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ सिंगल म्हणून पहिल्यांदा आलं ऑगस्ट १९९७ मध्ये. सिंगल म्हणजे अख्खा अल्बम नव्हे, एकच गाणं विक्रीला काढायचं, सोबत एखाद-दुसरं. तेव्हा ते तिथल्या विक्रीच्या साप्ताहिक यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि खाली आलं. पुढच्या महिन्यात त्यांचा ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’ हा अल्बम आला, त्यात ते होतंच. पण ते गाणं तेव्हा मेलेलं नव्हतं, हे आपल्या लेखकाने लक्षात घ्यायला हवं. बीबीसीवर जॉन पील म्हणून निवेदक होते. वर्षअखेरीला त्यांचे श्रोते मतं देऊन पन्नास गाणी निवडायचे. १९९७ च्या त्या यादीत पहिलं गाणं हेच, म्हणजे मूळ, संथ, गिटारवरचं. रिमिक्स बाजारात यायच्या आधी. ज्यांना कान होते त्यांनी ओळखलं होतं.

मग नॉर्मन कुकने त्याला हात लावला. फॅटबॉय स्लिम हे त्याचं एक टोपणनाव, पण रिमिक्सवर नाव आहे ते नॉर्मन कुक असंच. हाही काही उपरा माणूस नव्हता. आधी हाउसमार्टिन्स नावाच्या अशाच एका गिटारच्या बँडमध्ये तो बेस वाजवत होता. त्याने गाण्याची लय वाढवली, तजिंदरचा आवाज चढा केला, खाली दणदणीत ठेका घातला, आणि ते ध्रुवपद, डोकं टेकायला कुणाची तरी ऊब लागते असं म्हणणारं, ते पुन्हा पुन्हा फिरवलं. फेब्रुवारी १९९८ मध्ये हे रूप सिंगल म्हणून आलं. २२ फेब्रुवारीच्या रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं आणि शेजारचे दोन तेलुगू असे रेडिओभोवती बसलो होतो, क्रिकेटची मॅच ऐकावी तसे. यादी खालून वर जाते. दोन नंबरपर्यंत नाव आलं नाही तेव्हाच आमच्या घरात आरडाओरडा सुरू झाला. आदल्या आठवड्यात पहिलं होतं टायटॅनिकचं सेलीन डिऑनचं गाणं, पुढच्या आठवड्यात मॅडोना आली. मधला एक आठवडा कॉर्नरशॉपचा. एकच आठवडा, पण तो होता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी एचएमव्हीच्या दुकानात जाऊन सिंगलची सीडी आणि अल्बम दोन्ही घेतलं. एचएमव्ही तिथे दुकान आहे आणि आपल्याकडे रेकॉर्डची कंपनी होती, पण दारावरचा कुत्रा तोच, भोंग्यासमोर बसलेला. लहानपणी वडिलांच्या दुकानात मी तो कुत्रा इतक्यांदा पाहिला होता की मला त्या दारात उगाचच घरी आल्यासारखं वाटलं.

आता वडिलांबद्दल सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. सांगलीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टेप. दुकानाच्या मागच्या खोलीत एक फळी होती, तिच्यावर कॅसेटी. लोक आवडीची गाणी भरून घ्यायला यायचे. आणि वडिलांचा एक नेम होता. कॅसेटच्या कार्डावर गाण्याच्या पहिल्या ओळीपुढे चार गोष्टी लिहिल्याशिवाय ते कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे नाहीत: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. निळ्या शाईने, बारीक अक्षरात. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो मालक, राहू दे, मला गाणं पाठ आहे. वडील म्हणायचे, तुम्हाला पाठ आहे, तुमच्या पोराला नसेल.

ही सवय त्यांना रेडिओने लावली. विविध भारती १९५७ ला सुरू झाली तेव्हापासून निवेदक गाणं लावण्याआधी ही सगळी नावं सांगत आला. त्यामुळेच माझ्यासारख्या सांगलीच्या पोराला, ज्याने गीतकार मजरूह सुलतानपुरींचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता, मजरूह हे घरातलं नाव वाटायचं. आणि हा हक्क काही फुकट मिळालेला नाही. १९४९ च्या ‘महल’ची रेकॉर्ड निघाली तेव्हा ‘आयेगा आनेवाला’वर गायिका म्हणून कामिनी असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव! गायल्या होत्या लताबाई. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून लिहून विचारलं की ही बाई कोण, तेव्हा कंपनीकडून नाव मागवून ते सांगावं लागलं. साध्या माणसांच्या पत्रांनी ते नाव मिळवलंय. म्हणून मीही आज पत्र लिहायला बसलोय.

तर मी लेस्टरहून वडिलांना एक कॅसेट पाठवली. एका बाजूला अल्बममधलं मूळ गाणं, दुसऱ्या बाजूला नॉर्मन कुकचं. गणपतीला सुट्टीवर आलो तर कॅसेट दुकानातल्या टू-इन-वनमध्येच होती. इथे थांबून सांगतो, टू-इन-वन हा शब्दही त्या गाण्यात आहे. रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या खोक्याला टू-इन-वन म्हणतो तो आपल्याकडचा माणूस. ऑल इंडिया रेडिओचं नावही त्यात आहे. सॉलिड स्टेट रेडिओ आहे. फर्ग्युसन आहे, पुणेकरांना कॉलेज आठवेल, पण ही इंग्लंडातली रेडिओ-रेकॉर्डप्लेअरची कंपनी. ट्रोजन रेकॉर्ड्स, जिने जमैकाचं संगीत लंडनमध्ये विकलं. फ्रान्सचा गायक जाक द्युत्राँ. आणि बहुतेक नावांपुढे एकच आकडा, ४५. म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी लहान रेकॉर्ड. आपल्याकडे एचएमव्हीच्या या लहान रेकॉर्डवर सिनेमाची चार गाणी मावायची, एका बाजूला दोन. वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका पंजाबी घरात ज्या रेकॉर्डी वाजल्या असतील, ज्या यंत्रावर वाजल्या असतील, त्यांची ही नामावळी आहे. अख्खं गाणं म्हणजे माझ्या वडिलांच्या कॅसेटचं कार्ड आहे हो.

वडिलांनी मला विचारलं, दुसऱ्या बाजूला टेप जोरात का फिरतेय? मी म्हटलं, टेप बरोबर आहे, गाणंच तसं केलंय. त्यांना पटेना. चाळीस वर्षं कानाने रोग ओळखलेला माणूस. आधी त्यांनी पहिली बाजू लावली, गाणं पुरतं ऐकलं. मग दुसरी. मग काहीच न बोलता टू-इन-वन उलटा केला, मागचे पाच स्क्रू काढले, वाटीत ठेवले. मोटरच्या बुडाला एक छोटं भोक असतं. त्यात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून आतला प्रीसेट फिरवला की मोटरचा वेग कमी-जास्त होतो. गाणं चालूच होतं. त्यांनी डोळे मिटले आणि मनगट केसभर वळवत राहिले. तजिंदरचा आवाज उतरत उतरत खाली आला. ठेका जड झाला, ओढत चालू लागला, पण आवाज हळूहळू पहिल्या बाजूसारखा व्हायला लागला. एका जागी वडील थांबले. म्हणाले, हां. माणूस तोच आहे. फक्त पळवलाय त्याला.

३३ ची रेकॉर्ड ४५ वर लावली की आवाज जसा चढतो, त्याचाच हा सौम्य प्रकार, हे त्यांनी स्क्रूड्रायव्हरने शोधून काढलं. मी इंग्लंडात राहून मला हे उमगलं नव्हतं.

मग त्यांनी प्रीसेट पुन्हा जागेवर आणला आणि खऱ्या वेगात दुसरी बाजू परत ऐकली. मला वाटलं होतं नावं ठेवतील. नाही ठेवली. पायाने ठेका धरला. म्हणाले, पळवलाय, पण पाडला नाही.

संपादक महोदय, आपल्या लेखात रिमिक्स म्हणून सगळ्यांना एकाच दावणीला बांधलंय, त्याला माझी हरकत इथून सुरू होते. तिकडे रिमिक्स म्हणतात ते काय असतं? गाणं ध्वनिमुद्रित करताना आवाज एका ट्रॅकवर, गिटार दुसऱ्या, ड्रम तिसऱ्या असं वेगवेगळं घेतलेलं असतं. ते ट्रॅक दुसऱ्या माणसाच्या हातात देतात आणि तो ते नव्याने मांडतो. मूळ गायकाचा घसा त्यात असतो. सिंगल पुन्हा निघतं ते मूळ बँडच्याच नावाने. पहिला क्रमांक मिळाला तो कॉर्नरशॉपला, रिमिक्स करणाऱ्याचं नाव कंसात. आपल्याकडे २००० नंतर जी लाट आली तिलाही आपण रिमिक्सच म्हणालो, पण ती वेगळी चीज होती. ‘समाधी’ या १९७२ च्या चित्रपटातलं ‘काँटा लगा’ लताबाईंनी गायलं, पंचमने, म्हणजे राहुल देव बर्मनने, संगीत दिलं, मजरूहसाहेबांनी लिहिलं. २००२ मध्ये ते दुसऱ्याच आवाजात, नव्या ठेक्यावर आलं. मूळ ध्वनिमुद्रण त्यात नव्हतं. कायद्याच्या भाषेत ते व्हर्जन रेकॉर्डिंग. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत होती की मूळ गाण्याला दोन वर्षं झाली की नोटीस द्या, रॉयल्टी भरा आणि आपलं व्हर्जन काढा. २०१२ च्या दुरुस्तीत दोनाची पाच वर्षं झाली, मूळ कृतीत मनमानी बदल करायला बंदी आली, आणि हे मूळ नव्हे, कव्हर व्हर्जन आहे असं वेष्टनावर छापायची सक्ती झाली. कायद्यालाही शेवटी लेबलच नीट लिहून घ्यावं लागलं.

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्हींत चांगलं-वाईट होऊ शकतं. १९९६ मध्ये आशाताईंनी स्वतः ‘राहुल अँड आय’ या अल्बमसाठी पंचमची गाणी नव्या ठेक्यावर पुन्हा गायली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेटबरोबर पंचमचीच गाणी व्हायोलिन-चेलोच्या साथीने केली. नव्या मांडणीला त्या कधी घाबरल्या नाहीत. मग आपण तरी रिमिक्स हा शब्द शिवीसारखा का वापरावा?

नॉर्मन कुकचं श्रेय काढून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. त्याच्याशिवाय ते गाणं माझ्या खिडकीतल्या रेडिओपर्यंत पोचलं नसतं आणि मी कणकेचे हात घेऊन उभा राहिलो नसतो, हे मला माहीत आहे. साठाव्या क्रमांकावरून पहिल्यावर नेणं हे काम आहे, आणि ते त्याने मूळ गाण्यावर जीव असल्यासारखं केलं. पण त्या रिमिक्सची छाया कॉर्नरशॉपवर किती वर्षं पडली ते पाहा. पुढचं ‘स्लीप ऑन द लेफ्ट साइड’ हे त्यांचं सिंगल तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि बाहेरच्या जगाने बँड संपला असं धरलं. बँड संपला नव्हता. २०११ मध्ये बबली कौर या गायिकेला घेऊन त्यांनी अख्खा पंजाबी अल्बम केला. २०२० मध्ये ‘इंग्लंड इज अ गार्डन’ आला. ज्या अल्बममध्ये आपल्या आशाताईंचं गाणं आहे त्यातच बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वुड’ तजिंदरने पंजाबीत गायलंय. जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवलेलं ते गाणं, ते सतारीसकट उचलून त्याने आपल्या आईच्या भाषेत नेलं. आपल्या संगीतावरच्या लेखात याचा एक परिच्छेद तरी यायला हवा होता.

आणि मला सर्वात जास्त लागलं ते हे. ते गाणं आहे कशावर? पडद्यामागे गाणाऱ्या बाईवर. पडद्यावर दुसरी नाचते, टाळ्या तिला, आणि आवाज जिचा ती कुठल्यातरी स्टुडिओत कानाला हेडफोन लावून उभी. त्या बाईला तजिंदर ‘साड्डी राणी’ म्हणतो, आमची राणी. मुंबईच्या स्टुडिओपासून दूर, इंग्लंडात जन्मलेल्या पोराने तिचं नाव घेऊन सांगितलं की आमच्या घरातलं स्वप्न हिने जिवंत ठेवलं. पडद्यामागच्या माणसाचं नाव घेण्यासाठी जो गायला, त्यालाच आपण आता पडद्यामागे ढकललं. तेही मराठी वर्तमानपत्रात, तेही आशाताईंचं नाव घेऊन.

ही चूक एकट्या आपल्या लेखकाची नाही. आमच्याकडच्या एका ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात निवेदकाने हेच सांगितलं होतं, आशाताईंच्या गाण्यावर गोरे नाचले म्हणून, आणि नाट्यगृहाने टाळ्या दिल्या. मी मध्यंतरात जाऊन त्यांना भेटलो. ते म्हणाले, काका, कोण विचारतंय एवढं. मोबाइलवर आता गाणं लागतं तेव्हा गायकाचं एक नाव आणि चित्र, बस. गीतकार शोधायला तीनदा बोट लावावं लागतं, तरी सापडेलच असं नाही. पोरांना आज गाणी आमच्यापेक्षा दहापट जास्त माहीत आहेत आणि नावं दहापट कमी. म्हणून वर्तमानपत्राकडून अपेक्षा. छापलेलं राहतं. उद्या कुणी विद्यार्थी आपली पुरवणी काढून संदर्भ म्हणून देईल की फॅटबॉय स्लिमने आशाबाईंचं गाणं रिमिक्स केलं.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर दुरुस्ती छापावी. आणि यापुढे कुठल्याही गाण्याबद्दल लिहिताना, मग ते नाट्यपद असो, भावगीत असो की रिमिक्स, गीतकार-संगीतकार-गायक ही तीन नावं कंसात का होईना द्यावीत. एक ओळ जाते. जाहिरातीतली एक ओळ कमी करा.

वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. कॅसेटींची फळी मात्र मी घरी आणली, आणि ती कॅसेट तिच्यावर आहे. त्या गणपतीत त्यांनी माझ्याकडून नावं विचारून विचारून कार्ड भरलं. ‘सिंग’चा ग नीट उमटला नाही म्हणून पुन्हा गिरवलेला दिसतो. ‘चित्रपट’ या रकान्यात काय लिहायचं यावर ते जरा वेळ थांबले होते. आपल्याला दुरुस्तीचा मजकूर तयार करायला सोपं जावं म्हणून त्या कार्डावरचं जसंच्या तसं उतरवून देतो:

ब्रिमफुल ऑफ आशा. चित्रपट: नाही. आशाबाईंवर आहे. गायक, गीत, संगीत: तजिंदर सिंग. वाद्यवृंद: कॉर्नरशॉप, इंग्लंड. बाजू दोन: तेच गाणं, जलद. मांडणी: नॉर्मन कुक.

आपला,
एक जुना वाचक,
गावभाग, सांगली